दातमास्तरांचे रणगाडे

दातमास्तरांनी आपल्या विधवा सुनेला घराबाहेर काढलं, अशी कुजबुज गल्लीत बरीच वर्षं चालली. भर दुपारी काढलं, रडत जिना उतरायला लावलं आणि आतून कडी घातली, इथपर्यंत तपशील होते. कारणाचं मात्र कुणाचं एकमत होईना. कुणी म्हणे, म्हाताऱ्याला आतली खोली भाड्याने द्यायची होती. कुणी म्हणे, मुलगा गेल्याचा राग तिच्यावर काढला. आणखीही एक कारण आवाज खाली करून सांगितलं जायचं. ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण ते ऐकताना कुणी कान झाकून घेतले असंही कधी झालं नाही.

गंमत अशी की ही चर्चा ज्या तोंडांतून चालायची, त्यातल्या निम्म्या तोंडांतले दात मास्तरांच्याच हातचे होते. मास्तर कवळ्या बनवायचे. दवाखान्यात डॉक्टर माप घ्यायचे, पण दात घडायचे मास्तरांच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीला लावलेल्या बाकावर. भिंतीवरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत. नवा माणूस आत आला की आधी दचकायचा, आणि मग त्या ओळीत आपल्या ओळखीचं कुणी आहे का ते शोधायला लागायचा. मास्तर दाद द्यायचे नाहीत. "ज्याचं तोंड त्याच्याकडे," एवढंच म्हणायचे. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणारी शिंपीणकाकू, जिने ही हाकलल्याची बातमी सगळ्यांत आधी बाहेर काढली, तिची वरची कवळी मास्तरांनीच केली होती. अशी चपखल बसली होती की तासन्‌तास बोललं तरी जागची हलायची नाही. चांगलं काम केल्याची शिक्षा म्हणायची, दुसरं काय!

मास्तरांची बायको मुलगा शाळेत जायच्या आधीच गेली. मुलगा वाढला तो असा वाढला की दाराच्या चौकटीपुढे मान तुकवल्याशिवाय त्याला घरात येता येईना. म्हणून सगळे त्याला लंबू म्हणत. लंबू लिफ्ट दुरुस्त करायच्या कंपनीत होता. दिवसभर लोकांना वरखाली करायचा आणि संध्याकाळी घरी येऊन आतल्या खोलीतल्या टेबलाशी रणगाडे जोडत बसायचा. खरे नव्हेत, प्लास्टिकचे. मागच्या महायुद्धातले रणगाडे, चिलखती गाड्या, तोफा ओढणारे ट्रक. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटी यायच्या, आणि त्या चौकटींना चाकं, झाकणं, चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्यांचे तुकडे, तोफेची नळी असे शेकडो बारीक भाग लटकलेले असायचे. एकेक भाग कापून काढायचा, कानशीने घासायचा, गोंदाचा टिपका लावून चिकटवायचा, वाळायची वाट बघायची. एकेका रणगाड्याला महिना लागायचा.

"घोडा झालास, लग्न झालं, तरी खेळण्यांशी खेळतोस," मास्तर बाहेरून ओरडायचे.

"तुम्ही काय करता बाबा दिवसभर? प्लास्टिक घासता. मीही प्लास्टिकच घासतो. खानदानी धंदा आहे आपला."

"माझ्या प्लास्टिकने माणसं जेवतात."

"आणि बोलतात," स्वयंपाकघरातून सून म्हणायची. "ऐका, खाली सुरू झालंय."

मग तिघंही हसायची. सून लाँड्रीच्या दुकानात गल्ल्यावर असायची. बोलायला तिखट, मनाने मऊ, आणि कपड्यावरचा डाग बघून तो कुठे, कसा आणि कुणाबरोबर असताना पडला असावा हे सांगणारी. तिच्यासमोर खोटं बोलायची सोय नव्हती. हे मास्तरांनी ध्यानात ठेवायला हवं होतं.

या छंदातल्या माणसांची एक खोड असते. जोडण्याच्या दुप्पट वेगाने ती खोकी विकत घेतात. लंबूचं लोखंडी कपाट वरपासून खालपर्यंत भरलं होतं. "एवढं जोडायला दुसरा जन्म घ्यावा लागेल," बायको म्हणायची. "म्हातारपणाची सोय आहे ती," लंबू सांगायचा. दुकानात झटपट जोडणीची खोकीही मिळायची. त्यांना गोंद नको, कानस नको, भाग मोजके, खुंटी भोकात दाबली की खट्‌, झालं. एका खोक्यात दोन-दोन गाड्या. लंबूला त्यांचा भारी तिटकारा. "त्याला काय जोडणं म्हणतात? पत्त्यांचा बंगला करताना निदान श्वास तरी धरावा लागतो!" हे भाषण बायकोने इतक्यांदा ऐकलं होतं की तिला पाठ झालं होतं. मास्तरांनी ते ऐकलं नव्हतं. लंबूच्या गप्पा रंगायच्या तेव्हा बाहेर त्यांचं घासायचं यंत्र घरघरत असायचं. खरं तर ते कधी आत जाऊन त्याच्या शेजारी बसलेच नाहीत. उद्या बसू, असं चाललं होतं.

एका सकाळी कामावर जाताना वळणावर लंबूची स्कूटर घसरली आणि सगळं तिथेच थांबलं. म्हातारपणाची सोय कपाटात राहिली.

काही महिन्यांनी सुनेचा भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला. मास्तरांनीच तसं सांगितलं होतं. या घरात तिने काय करायचं, कुणासाठी? जाताना तिने कपडे घेतले, भांडी घेतली नाहीत, आणि आतल्या खोलीतलं काहीही हलवलं नाही. टेबलावर एक अर्धा रणगाडा तसाच होता. एका बाजूचा पट्टा बसलेला, दुसरी बाजू उघडी.

पुढच्याच रविवारी दुपारी दारावर टकटक झाली. सून उभी होती.

"काय विसरलीस?"

"विसरले नाही. ते अर्धं राहिलंय ना, तेवढं पुरं करते. असं एका पायावर किती दिवस उभं ठेवायचं त्याला?"

तिने ते पुरं केलं. तिला नीट जमत नव्हतं. गोंद बोटांना लागायचा, पट्टा सुटायचा. बाहेरच्या बाकावरून मास्तर ते बघत होते. शेवटी राहवेना, म्हणून आपला चिमटा घेऊन आत गेले. पहिल्यांदाच. "इकडे दे. असं नाही, तिरपं धर." दातांच्या कामाला लागतात तीच हत्यारं, तोच हात. पट्टा बसला. मग तिने कपाट उघडलं, वरचं खोकं काढलं आणि म्हणाली, "हे पुढच्या रविवारी."

तेव्हापासून दर रविवारी दुपारी ती येऊ लागली. चहा व्हायचा, पाव भाजला जायचा, आणि सासरा-सून टेबलाशी समोरासमोर बसून मेलेल्या माणसाचे रणगाडे जोडायची. लंबूबद्दल फारसं बोलणं नसायचं. "हा भाग कुठला हो बाबा?" "दरवाजाचा असेल." "बाबा, ही तोफ आहे." "मग तोफेचा असेल." असं चालायचं. खिडकीतून गोंदाचा वास खाली जायचा, आणि शिंपीणकाकू मशीन थांबवून नाक वर करायची. "वर काहीतरी शिजतंय," ती म्हणायची. तिला दोन्ही अर्थांनी म्हणायचं असायचं.

मास्तरांचा आठवडा आता रविवारला टांगलेला होता. बाकीचे दिवस नुसते दातांचे. आणि इकडे कपाट रिकामं होऊ लागलं. वरचा कप्पा गेला, मधला गेला. खालच्या कप्प्यातली खोकी दिसायला लागली, तसे मास्तर ती रोज मोजायला लागले. कपाट संपलं की ती कशाला येईल? नातं म्हणावं तर ज्याच्यामुळे होतं तो नाही. नातवंड नाही. येण्याला कारण एवढंच.

शेवटी एक दिवस मास्तर खेळण्यांच्या दुकानात गेले. उभ्या जन्मात त्यांनी त्या दुकानाची पायरी चढली नव्हती. "रणगाडा द्या. जोडायचा," म्हणाले. दुकानदाराने विचारलं, "किती वर्षांचा आहे?" मास्तर म्हणाले, "महायुद्धातला." दुकानदाराने मुलाचं वय विचारलं होतं. त्याने म्हाताऱ्याकडे एकदा बघितलं आणि हाताला आलं ते खोकं काढून दिलं.

घरी आणून मास्तरांनी त्यावरची दुकानाची चिठ्ठी वाफेवर धरून सोडवली. खोक्याचे कोपरे कानशीने हलके मऊ केले. प्लास्टरची चिमूटभर भुकटी फुंकून वर धूळ बसवली. खोटे दात जुन्या दातांसारखे दिसावेत म्हणून त्यांना पिवळट झाक देणारा हा माणूस, त्याला काय अवघड? खोकं खालच्या कप्प्यात अगदी मागे सरकवलं. स्वतःवर बेहद्द खूश झाले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत काय छापलंय ते मात्र त्यांनी वाचलंच नाही.

त्या खोक्याचा रविवार आला. सुनेने खोकं टेबलावर ठेवलं, झाकण उघडलं. आत दोन लहान चौकटी, मोजके भाग. दोन गाड्यांचे. गोंदाची गरज नाही. झटपट जोडणी.

तिने झाकणावरच्या धुळीवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. प्लास्टरचा वास तिला कळणार नाही असं होतं थोडंच! पण ती एवढंच म्हणाली, "हे सोपं दिसतंय, बाबा."

"बरं झालं की. त्यालाही कधीतरी सोपं हवं असेल."

"हो. असेल." तिने मान खाली घातली. "दोन आहेत. एक तुम्ही करा, एक मी."

मास्तरांनी पहिल्यांदाच आपला स्वतःचा रणगाडा हातात घेतला. आता त्यांच्या धंद्याची एक सवय सांगायला हवी. कवळी पक्की करण्याआधी मेणात दात लावून ती माणसाच्या तोंडात नुसती बसवून बघतात. जमलं तर ठीक, नाहीतर काढायची, सारखी करायची, परत बसवायची. पक्कं करणं अगदी शेवटी. तीस-चाळीस वर्षं हेच केलेल्या मास्तरांनी रणगाड्याचं वरचं अंग खालच्या अंगावर सहज ठेवून बघितलं. नुसतं बघावं म्हणून जरासं दाबलं.

खट्‌.

"अरेच्चा," मास्तर म्हणाले आणि काढायला गेले. निघेना. इकडून ओढलं, तिकडून ओढलं. या खोक्यांत नुसतं बसवून बघणं नसतंच. एकदा बसलं की बसलं. खुंट्या तुटतील, पण सुटणार नाहीत.

"बाबा," सून हळूच म्हणाली, "हा कोण?"

टेबलावर, चहाच्या कपाशेजारी, नखाएवढा एक माणूस बसला होता. हात पुढे, अदृश्य दांडे धरलेले. रणगाड्याचा ड्रायव्हर. आत बसवायचा राहिला होता.

सून हसायला लागली. आधी हात तोंडावर ठेवून, मग हात काढून. "गाडी निघाली बाबा, आणि ड्रायव्हर चहा पितोय!" लंबू गेल्यापासून तिचं हसू कुणी ऐकलं नव्हतं. मास्तरही हसले. हसता हसता तिचा आवाज मध्येच फाटला, आणि मग बराच वेळ ती टेबलावर डोकं ठेवून रडली. मास्तर तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले, पण हाताला खोक्यावरची भुकटी लागलेली होती. म्हणून तो हात तसाच हवेत राहिला.

तो रणगाडा तसाच ठेवला. बंद, आणि आत कुणी नाही.

तिचं ते हसणं मास्तरांच्या डोक्यात बसलं. त्यांनी आणखी खोकी आणली. तीच, झटपट जोडणीची. दुकानदार आता बघितल्याबरोबर खोकं काढायचा. वाफ, कानस, भुकटी, मागचा कोपरा. सून येत राहिली. अर्ध्या तासात जुळणारी गाडी ती अख्खी दुपार जोडायची. एक भाग कापला की खिडकीबाहेर बघायची, दुसरा हातात घेऊन माहेरच्या गोष्टी सांगायची. कपाट काही संपेना. हे कपाट संपत कसं नाही, असं तिने एकदाही विचारलं नाही.

मग एका शनिवारी तिचा भाऊ मास्तरांच्या बाकासमोर येऊन बसला. मास्तर हातातली कवळी घासत होते.

"तुमच्याशी बोलायचं होतं. तिच्याबद्दल."

"बोला ना."

"एक माणूस आहे. चष्म्याच्या दुकानात असतो. भला आहे. तिच्या लाँड्रीत एकच कोट इतक्यांदा धुवायला टाकला की कोटाचा रंग गेला, तेव्हा कुठे बोलायचं धाडस झालं त्याचं. तिलाही तो आवडतो, आम्हाला दिसतं ते. पण हो म्हणत नाही."

"का?"

भाऊ फळीवरच्या जबड्यांकडे बघत राहिला. "म्हणते, कपाट संपू दे."

मास्तरांच्या हातातलं यंत्र फिरतच राहिलं.

"मी म्हटलं, किती उरलंय? तर म्हणाली, संपणार नाही ते. बाबा भरतात." भाऊ कसनुसा हसला. "तिला पहिल्या खोक्यापासून माहीत आहे. तिचा नवरा त्या झटपटवाल्यांना हात लावत नसे म्हणे. म्हणते, बाबा एवढ्या हौसेने धूळ लावून ठेवतात, मी कशी उठू? तो माणूस थांबेल म्हणतोय. पण कोण किती थांबणार, मास्तर? तुम्ही मोठे आहात. मी काही तुम्हाला सांगायला आलो नाही."

सांगायलाच आला होता. भला माणूस होता तो, चहाही न घेता गेला. मास्तरांनी यंत्र बंद केलं. त्या कवळीचे पुढचे दोन दात घासून पार सपाट झाले होते. ती फेकून पहिल्यापासून करावी लागली.

इतके दिवस त्यांना वाटत होतं, आपण तिला फसवून बोलावतोय. ती येतेय आपल्या नवऱ्यासाठी. आता कळलं, ती येत होती एका म्हाताऱ्यासाठी, आणि त्यासाठी तिकडे एका माणसाला आणि स्वतःच्या आयुष्याला थांबवून ठेवत होती. आनंद व्हावा अशी गोष्ट. मास्तरांना तो झालाही, थोडा वेळ. मग त्यांनी आतल्या खोलीत जाऊन कपाटाला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला आली. टेबल रिकामं होतं. चहाही टाकलेला नव्हता.

"बरं नाही का बाबा?"

"बरा आहे. कपाट संपलं."

तिने कपाटाकडे बघितलं. "रिकाम्या कपाटाला कुलूप कशाला?"

"धूळ जाऊ नये म्हणून."

तिला हसू आलं, पण मास्तर हसले नाहीत. तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. "दादा आला होता काल."

"कोण येतं, कोण जातं, मी कशाला बघू? माझं काम पडलंय."

"संपलं तर संपलं. मी नुसती येईन. बसू, गप्पा मारू."

"नुसतं यायला तुझं इथे काय आहे?" मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांनी आदल्या दिवसापासून घोकून ठेवलं होतं. घोकलेलं वाक्य जसं बाहेर पडतं तसंच ते पडलं, जरा मोठ्याने. "लोक काय काय बोलतात ठाऊक आहे? मला या वयात नको ते. तू आता येऊ नकोस."

"लोकांना तुम्ही कधीपासून भ्यायला लागलात?"

"आजपासून. जा."

"बाबा, माझ्याकडे बघून म्हणा."

मास्तर खिडकीकडे बघत होते. "जा, पोरी," ते म्हणाले. तो 'पोरी' शब्द घोकलेला नव्हता. ती चपला हातात घेऊन तशीच बाहेर पडली. मास्तरांनी कडी घातली. कडी घातली नसती, तर ते स्वतःच तिच्या मागे जिना उतरले असते.

खाली शिंपीणकाकू दारातच होती. तिने सुनेचे डोळे बघितले, हातातल्या चपला बघितल्या, वर वाजलेली कडी ऐकली, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीला सगळं कळलं. जे कळलं नव्हतं तेही कळलं.

पुढे सुनेचं चष्म्यावाल्याशी लग्न झालं. लग्नाचं सांगायला भाऊ आला, तर मास्तरांनी काम फार असल्याचं सांगितलं. नंतरही तिने दोन-तीनदा निरोप धाडला. मास्तरांना तेव्हाही काम फार होतं. मग निरोप थांबले. मास्तर रविवारीही काम करू लागले. रविवारी दुपारी ते घासायचं यंत्र लावायचे, हातात काही नसलं तरी.

शिंपीणकाकूला काही राहवत नव्हतं. एकदा जिन्यात गाठून तिने विचारलंच. "मास्तर, एवढं काय हो झालं होतं? पोरगी तर गुणाची होती."

"कवळी टोचते का?" मास्तरांनी विचारलं.

"छे, अजिबात नाही."

"मग झालं तर," म्हणाले आणि वर गेले. काकूने या उत्तराचाही काहीतरी अर्थ लावलाच. लोकांनी मास्तरांना दगडाच्या काळजाचा म्हटलं. दात करून घ्यायला मात्र त्यांच्याकडेच येत राहिले. मास्तरांनी कुणाला काही सांगितलं नाही, आणि ही बातमी खोटी आहे असंही कधी म्हटलं नाही. सुनेच्या नव्या घरी कुणी कुजकट बोलायला गेलं असतं, तर दोष सासऱ्याचा निघाला असता, तिचा नाही.

खरं एवढंच होतं. मास्तरांनी सुनेला नकोशी झाली म्हणून हाकललं नव्हतं. ती आपणहून येणं थांबवणार नव्हती, म्हणून त्यांनी कपाट संपल्याचं सांगितलं. कपाटात त्या दिवशी तीन खोकी होती. ती नंतर कुणी उघडली नाहीत.